एका कप गवती चहात सिट्राल किती?

व्हॉट्सअ‍ॅपवर एक संदेश फिरतोय: ‘इस्रायलच्या बेन गुरियन विद्यापीठाने सिद्ध केलंय, एक ग्रॅम गवती चहाच्या कपातलं सिट्राल कॅन्सरच्या पेशी मारतं. रोज आठ कप प्या. तेल मिळालं तर उत्तमच.’

सिट्राल म्हणजे गवती चहाला लिंबासारखा वास देणारा घटक. 2005 चं ते संशोधन खरं आहे. पण पेशी प्रयोगशाळेत वाढवलेल्या होत्या, रुग्णाच्या अंगातल्या नव्हत्या.

‘पेशी मारायला लागतं तेवढं सिट्राल कपात असतं.’ असतं, वाद तिथे नाहीच. पेशींना दिलेली मात्रा 44.5 मायक्रोमोलर (द्रवात किती रेणू आहेत ते मोजायचं एकक), म्हणजे लिटरमागे साधारण 6.8 मिलिग्रॅम. 150 मिलीच्या कपात ते जेमतेम 1 मिलिग्रॅम भरतं. आता हा कप पोटात जातो. सगळं सिट्राल रक्तात उतरलं आणि यकृताने त्याला हातही लावला नाही, असं धरू. 5 लिटर रक्तात त्याची मात्रा होते 1.3 मायक्रोमोलर, हवी त्याच्या चौतिसावा हिस्सा. आठही कप एका दमात रिचवले तरी 10.5 च्या आसपास. प्रत्यक्षात यकृत सिट्रालचं झपाट्याने आम्ल करतं आणि ते लघवीवाटे निघून जातं. शिवाय उघड्या पातेल्यात चहा उकळताना घरभर वास सुटतो, ते सिट्रालच वाफेबरोबर उडून चाललेलं असतं.

‘पण पेशी मेल्या ना?’ मेल्या. मात्र सुगंधी तेलांच्या चाचणीत एक खोड असते. पेशी वाढवायच्या 96 खळग्यांच्या प्लेटमध्ये एका खळग्यातली वाफ शेजारच्यात शिरते आणि तेल न घातलेल्या पेशीही मरतात. प्लेट पट्टी चिकटवून बंद केली नाही, तर आकडे फसवतात. असे आकडे वाचताना हे आधी तपासावं.

‘मग तेलच प्यावं.’ कृपा करून नको. तेलात साधारण 70–80 टक्के सिट्राल, एका थेंबात सुमारे 30 मिलिग्रॅम. ते पाण्यात विरघळत नाही, तवंग धरतं, आणि तो तवंग घशाला जसाच्या तसा लागतो. केमोने आधीच तोंड आलेल्या माणसाचे त्याने फार हाल होतात.

‘औषधं वनस्पतींतूनच येतात.’ येतात. सदाफुलीतून विनक्रिस्टीन हे कॅन्सरचं औषध आलं. पण ते शिरेतून, मिलिग्रॅम मोजून देतात. गवती चहाच्याच जातकुळीतल्या रानटी रोशा गवताच्या ‘सोफिया’ प्रकाराच्या तेलात पेरिलिल अल्कोहोल असतं. त्याने प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या स्तनातल्या गाठी आटल्या, म्हणून अमेरिकेत रुग्णांना त्याच्या कॅप्सूल देऊन पाहिल्या. मळमळ, उलट्या, थकवा आला. बहुतेकांच्या गाठी होत्या तशाच राहिल्या किंवा वाढल्या.