‘घाटवाले काका’ यांना उत्तर: रॅक टाइट केला म्हणजे प्ले गेला का?

काका, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा वाचून झाल्यावर माझाच मूळ लेख उघडून बघावा लागला. गाडीच्या स्टिअरिंगमधला सैलपणा, म्हणजे प्ले, घरीच कसा शोधला आणि त्यासाठी तीन पार्ट कसे बदलले, यावर तो लेख होता. काका म्हणतात तो रॅक म्हणजे स्टिअरिंग फिरवलं की डावी-उजवीकडं सरकून चाकं वळवणारी दातेरी दांडी. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी इथं देतो: ‘घरात बसून उघडायला स्टिअरिंग म्हणजे काय मिक्सर हाय व्हय? उद्या कोण तरी तुमचं वाचून पाना हातात घेईल आणि करूळ घाटात जाईल. माझ्या मिस्त्रीनं रॅक टाइट केला, दोनशे रुपयांत काम झालं. तुम्ही तीन पार्ट बदलून पैसे घालवले. आणि आटे मोजून लावलं की अलाइनमेंट लागत नाही, हे कुणी शिकवलं?’

शेवटच्या मुद्द्यापासून सुरू करतो, कारण तिथं माझं चुकलंय. जुना टाय रॉड एंड (रॅककडून आलेला रॉड चाकाला जोडणारा टोकाचा जोड) जितके आटे फिरवून निघाला तितकेच फिरवून नवा बसवला की चाकाची दिशा जागेवर राहते, असं मी लिहिलं होतं. राहत नाही. दोन कंपन्यांच्या एंडची लांबी तंतोतंत सारखी नसते. शिवाय जुनं अलाइनमेंट (चाकांची दिशा जुळवणं) झालं होतं ते त्या झिजेला धरूनच. आता हिशेब बघा. आट्याचा पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १.५ मिलिमीटर आणि नकलचा (चाक ज्यावर बसतं आणि वळतं त्या लोखंडी भागाचा) हात १२५ मिलिमीटर धरला, तर एक आटा इकडंतिकडं झाला की त्या चाकाची दिशा सुमारे ०.७ अंशानं फिरते. १४ इंची रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेत हाच फरक ४ मिलिमीटरच्या वर जातो. एवढ्यावर टायर खायला सुरुवात होते. आटे मोजायचे ते अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत गाडी नीट जावी म्हणून, बस.

रॅकच्या बाबतीत मात्र मी माघार घेणार नाही. तुमच्या मिस्त्रीनं फिरवला तो रॅकचा ॲडजस्टिंग बोल्ट. त्याच्या आत स्प्रिंग आणि एक गुटका असतो, तो रॅकची दांडी पिनियनच्या (स्टिअरिंगच्या टोकाच्या छोट्या दातेरी चाकाच्या) दातांवर दाबून धरतो. म्हणजे बोल्ट आवळून कमी होतो तो फक्त या दातांमधला सैलपणा. रॅक एंड (रॅकच्या टोकाचा जोड) आणि टाय रॉड एंड हे त्याच्या पुढे, चाकाच्या बाजूला. त्यांच्यातली झीज त्या बोल्टनं सुताइतकीही हलत नाही. दुसरं असं की आपण गाडी बहुतेक वेळ सरळच चालवतो, त्यामुळे रॅकचे मधले दात जास्त झिजतात आणि कडेचे जवळपास नवे राहतात. मधला सैलपणा जाईपर्यंत बोल्ट आवळला की पूर्ण वळणावर कडेचे दात जाम धरतात. मग वळण संपल्यावर स्टिअरिंग आपणहून सरळ येत नाही, ओढून आणावं लागतं. गगनबावड्यातून खाली उतरताना एकामागून एक वळणं येतात, तिथं असं स्टिअरिंग हातात असण्यापेक्षा थोडा प्ले परवडला. सैलपणा खरंच दातांतच असेल, तर तुमच्या मिस्त्रीनं बरोबर केलं. पण तो दातांतच आहे हे आधी कुणी बघितलं का, एवढंच मला विचारायचंय.

माझ्या गाडीचं सांगतो. कोल्हापुरातली फुलेवाडी सोडून बालिंग्याकडं निघालं की खराब पट्ट्यावर डावीकडून ‘टक’ असा आवाज यायचा, तोही हळू चालवताना जास्त. एका गॅरेजमध्ये दाखवली. त्यांनी गाडी उचलली नाही, हलवली नाही, आवाज ऐकून लिंक रॉड (सस्पेन्शनमधला एक छोटा दांडा) बदलला. आवाज होता तिथंच. पैसे गेले ते तिथं गेले काका, तीन पार्टांत नव्हे.

मग रविवारी मेव्हण्याला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. इंजिन चालू, हँडब्रेक ओढलेला, चारही चाकं जमिनीवर. त्याला स्टिअरिंग दोन-तीन बोटं डावीकडं, दोन-तीन बोटं उजवीकडं असं भराभर हलवायला सांगितलं आणि मी पोत्यावर आडवा होऊन एकेका जोडावर हात ठेवला. झिजलेला जोड डोळ्याला दिसायच्या आधी बोटांना कळतो. डाव्या टाय रॉड एंडमध्ये रॉड आधी हलत होता आणि पिन मागनं येत होती, दोन्हींच्या मध्ये एक बारीक ठोका. रॅक एंड रबरी बुटाच्या आत असतो, म्हणून तिथं बूट मुठीत दाबून धरावा लागतो. तिथंही तोच ठोका. बूट फाटलेला होता आणि आत चिखल-पाणी. आपल्याकडच्या दोन पावसाळ्यांत असा बूट काय करतो, ते वेगळं सांगायला नको.

नंतर गाडी जॅकनं उचलून स्टँडवर घेतली (नुसत्या जॅकवर नाही, हे तुमच्यासाठी मुद्दाम लिहितोय). चाक घड्याळातल्या ९ आणि ३ वर धरून हलवलं तर प्ले, १२ आणि ६ वर धरलं तर काही नाही. १२-६ वर हललं असतं तर मेव्हण्याला ब्रेक दाबायला लावला असता. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर चाकाचं बेअरिंग, तरीही राहिला तर लोअर आर्मचा (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचा) बॉल जॉइंट. हे बघायला एक पैसा लागत नाही. तिसरा पार्ट म्हणजे उजवा एंड. तो अजून घट्ट होता, पण त्याचं रबर चिरलं होतं आणि अलाइनमेंट तर करायचंच होतं. तो अनाठायी खर्च म्हणाल तर वाद घालत नाही.

मिक्सरवाल्या टोल्याला अर्धा मान देतो. पाना धरता येतो म्हणून कुणीही हे करावं असं माझं म्हणणं नाही. विशेषतः दोन ठिकाणी लोक घोटाळा करतात. एंडची टेपर (निमुळती) पिन सोडवायला आट्यांवरच हातोडी घालतात. घाव नकलच्या डोळ्याला कडेनं बसायला हवा, किंवा सरळ पुलर (जोड खेचून काढायचं अवजार) लावायचा. आणि स्प्लिट पिनचं (नट सुटू नये म्हणून आरपार घालायच्या पिनचं) भोक जुळत नाही म्हणून नट थोडा ढिला करतात. नट पुढच्या खाचेपर्यंत आवळायचा असतो, मागे कधीच घ्यायचा नाही. रॅक उघडायचं काम मात्र मीही उद्यमनगरातच देईन. ज्या भागात लोखंड ओतणारे आणि कापणारे इतके जुने हात बसलेत, तिथं घरी रॅक खोलून बसणं हा शहाणपणा नव्हे.

आट्यांचं ते वाक्य मूळ लेखात आज दुरुस्त केलंय, खाली तुमचा उल्लेखही केलाय. आता तुम्ही एक करा. मोकळ्या मैदानात गाडी हळू चालवत पूर्ण वळण घ्या आणि स्टिअरिंगवरची पकड सैल सोडा. ते आपणहून मध्यावर येतं का, की तिथंच अडकून राहतं, तेवढं इथं लिहून कळवा.