निगा लागत नाही

'निगा लागत नाही' हे तीन शब्द रोपवाटिकेच्या पाटीवर ज्याने कुणी पहिल्यांदा लिहिले, तो माणूस बहुधा फ्लॅटमध्ये राहत असावा.

अमेरिकेत सध्या 'स्थानिक झाडं लावा' असा सगळीकडे घोष चालू आहे, आणि त्या यादीत ॲस्टर हमखास वरच्या नंबरात असतो. खत नको, औषध नको, एकदा मूळ धरलं की पाणीही फारसं नको. न्यू इंग्लंड ॲस्टर तर हायवेच्या कडेच्या चरात आपला आपण वाढतो, सप्टेंबर उजाडला की जांभळा होतो आणि ट्रकांचा धूर खात मजेत उभा राहतो. यात खोटं काहीच नाही. त्या झाडाला खरोखरच निगा लागत नाही. निगा लागते ती त्याच्या आसपास राहणाऱ्यांची.

मी न्यू जर्सीत राहतो. स्वतः एच-वन-बी व्हिसावर आहे. ग्रीन कार्डच्या रांगेत माझा नंबर कधी लागेल हे विचारणं आता घरात अशुभ मानतात. परसात मात्र मला इथलीच झाडं हवीत. बायको हे पाहुण्यांसमोर फार रंगवून सांगते. "स्वतःचा अजून पत्ता नाही, आणि हायड्रेंजियाला 'तू जपानची' म्हणून बाहेर काढलंय."

तसं बघितलं तर ॲस्टरचीही कागदपत्रं काही धड नाहीत. अठराव्या शतकात त्याला इथून युरोपात नेलं. तिथल्या माळ्यांनी शिकवून-सवरून, 'आल्मा पोत्श्के' वगैरे जर्मन नावं लावून परत पाठवलं. मग १९९४ साली गाय नेसम नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानं अमेरिकेतल्या बहुतेक ॲस्टरांना 'ॲस्टर' या शास्त्रीय गटातून बाहेर काढून वेगवेगळ्या घरी बसवलं. न्यू इंग्लंड ॲस्टर झाला सिम्फिओट्रायकम. आपल्याकडे साधं आडनाव बदलायचं तर गॅझेट लागतं, इथे त्या बिचाऱ्याला कुणी विचारलंसुद्धा नाही. रोपवाटिकेत अजून सगळे ॲस्टरच म्हणतात, आणि तेच बरं आहे.

'पर्पल डोम' नावाचा एक बुटका, गच्च फुलणारा वाण आहे. तो पेनसिल्व्हेनियात रस्त्याच्या कडेला सापडला होता. म्हणजे फुकट उगवलेलं झाड उचललं, त्याला नाव ठेवलं आणि कुंडीत घालून विकायला आणलं. तेही ठीक. पण 'पर्पल डोम'चं बी पेरलं तर 'पर्पल डोम' येत नाही. काय येईल ते येतं. हुबेहूब तोच हवा तर फांदी लावायची नाहीतर गड्डा फोडायचा.

मला मात्र बियांपासूनच करायचं होतं. बियांची रोपं एकमेकांसारखी नसतात आणि मधमाश्यांना त्याचं काही वाटत नाही, एवढं माझ्यासाठी पुरेसं होतं.

ॲस्टरचं बी गोळा करणं हा डोळ्यांच्या डॉक्टरांनी सुचवावा असा उद्योग आहे. फूल सुकून त्याचा करडा-पांढरा कापूस झाला की तो चिमटीत धरायचा आणि ओढायचा. सहज हातात आला तर बी तयार, नाही आला तर आठवड्यानं परत या. मग तो कापूस पांढऱ्या कागदावर पसरून प्रत्येक म्हातारीच्या बुडाशी निरखून बघायचं. तिथे तपकिरी, किंचित फुगीर, नखानं दाबलं तरी न चपटणारं काही असेल तर ते बी. फिकट आणि कागदासारखं सपाट असेल तर ते पोचट. पोचटच जास्त निघतात, कारण ॲस्टरला स्वतःचे परागकण चालत नाहीत, दुसऱ्या झाडाचे लागतात. आणि हे सगळं चालू असताना घरात कुणी शिंकायचं नाही. आमच्याकडे ऑक्टोबरात सगळेच शिंकतात.

मिळालेलं बी लगेच पेरून भागत नाही. त्याला आधी महिना-दोन महिने ओली थंडी लागते. हायवेच्या चरात ती आपोआप मिळते. घरी मिळवायची तर एकतर फ्रीजमध्ये ओल्या वाळूत ठेवा, नाहीतर दुधाचे कॅन घ्या. फ्रीजचा प्रस्ताव कोथिंबिरीच्या डब्याशेजारीच फेटाळला गेला, म्हणून मी कॅनवाल्या पंथाला लागलो. गॅलनचा प्लास्टिकचा कॅन मधोमध आडवा कापायचा, पण मुठीपाशी थोडा जोडलेला ठेवायचा म्हणजे झाकणासारखा उघडतो. बुडाला भोकं. आत चार बोटं माती. बी वर नुसतं भुरभुरायचं, पुरायचं नाही, कारण त्याला उजेड लागतो. चिकटपट्टीनं कॅन बंद करायचा, बूच काढून टाकायचं आणि भर जानेवारीत तो बर्फात नेऊन ठेवायचा. बुचाच्या भोकातून बर्फ आणि पाऊस आत जातो, पुढचं हवामान बघून घेतं.

युक्ती उत्तम आहे. फक्त तुमच्या दारापुढे बर्फात दुधाच्या रिकाम्या कॅनांची रांग उभी राहते आणि ती मार्चअखेरपर्यंत तशीच असते. शेजारचे आजोबा फार सभ्य गृहस्थ. त्यांनी महिनाभर काही विचारलं नाही. मग एके दिवशी कचऱ्याची गाडी रिसायकलिंग कुठल्या वारी नेते, ते स्वतःहून, अगदी हळुवारपणे मला समजावून सांगितलं. कॅनवर मार्करनं लिहिलेली नावं तोवर उन्हानं पुसट झालेली असतात, त्यामुळे आत नक्की काय आहे हे त्यांना छातीठोकपणे सांगायचीही सोय राहत नाही.

एप्रिलमध्ये आई आली. इकडे येणाऱ्या आया एप्रिलमध्ये येतात आणि ऑक्टोबरात जातात, म्हणजे ॲस्टरचा अख्खा मोसम त्यांच्या मुक्कामात बसतो. तिनं बॅगा उघडायच्या आत परसाला फेरी मारली. कॅनमधली हिरवी लव बघून काही बोलली नाही. जुन्या झाडाच्या गड्ड्याशी मात्र थांबली.

"अरे, ही तर शेवंती."

"शेवंती नाही गं. ॲस्टर. इथला आहे."

"इथला असू दे. मधे मेलाय, कडेनं काश्या फुटल्यात. काढ त्या."

ती वाकून कामाला लागलीसुद्धा. इंग्रजी बागकामाच्या माहितीत हेच चार परिच्छेद घालून दिलेलं असतं: दोन-तीन वर्षांनी ॲस्टरचा गड्डा वसंतात उकरावा, मधला निबर भाग टाकून द्यावा, कडेचे मुळासकट कोंब वेगळे करून लावावेत. आईनं ते सगळं सात शब्दांत आटपलं. शेवंती आणि ॲस्टर एकाच कुळातले, तेव्हा तिचं शास्त्र इथे चाललं यात नवल नाही. नवल तिच्या वेगाचं. चहा होईपर्यंत एका गड्ड्याची रोपंच रोपं झाली, आणि कॅनमधली वाढायची अजून बाकी होती.

पुढचं भांडण शेंड्यांवरून. न्यू इंग्लंड ॲस्टर माणसाच्या उंचीला जातो, फुलांच्या भारानं आडवा होतो आणि ऐन फुलात त्याची खालची पानं वाळून ढोपरं उघडी पडतात. त्यावर उपाय म्हणजे जुलैच्या सुरुवातीपर्यंत शेंडे खुडत राहायचे. झाड बुटकं राहतं, फांद्या जास्त फुटतात, फुलं वाढतात. त्यानंतर खुडलं तर कळ्याच हाताला लागतात, कारण दिवस लहान व्हायला लागले की झाडाचं लक्ष फुलांकडे जातं. ढोपरं झाकायला पुढे काहीतरी बुटकं लावावं. हे सगळं मला पाठ आहे. पण पोसलेल्या झाडाचा हिरवागार शेंडा मोडायला माझा हात धजत नाही. आईचा धजतो. ती फोनवर मावशीशी बोलता बोलता सगळी रांग खुडून येते.

हरणं आणि ससेही तेच करतात, हा त्यातला अपमानाचा भाग. जूनमध्ये सशानं कोवळे शेंडे कुरतडले तर तो खरं तर आपलं काम करून जातो. त्याच्यावर ओरडायला आपल्याला शास्त्राचा आधार राहत नाही. ऑगस्टमध्ये मात्र हरणाचा एक घास म्हणजे शरद ऋतूतली एक फांदी गेली. त्यासाठी एक फवारा मिळतो. त्यात मुख्यतः सडकी अंडी आणि लसूण असते, आणि पावसानंतर तो परत मारावा लागतो. ऑगस्ट म्हणजे बहुतेक वेळा श्रावण. आमच्या घरात श्रावणात कांदा-लसूणही येत नाही, आणि मी दारापुढे सडक्या अंड्यांचा सडा घालतोय.

"कुणासाठी चाललंय हे?" आईनं नाकाला पदर लावून विचारलं.

"हरणं येऊ नयेत म्हणून."

"हरणांचं सोड, आता मी तरी येते का बघ."

याच सुमारास एचओएचं पत्र येतं. एचओए म्हणजे आपली सोसायटी, फक्त चेअरमन जिन्यात भेटत नाही, म्हणून भांडताही येत नाही. 'आपल्या आवारात ठरावीक उंचीपेक्षा जास्त तण आढळले.' फोटो जोडलेला. फोटोत माझा ॲस्टर, कळ्यांवर आलेला, शेजारी हरणाची जाळी, आणि मागे फवारा घेऊन मी. मेरीलँडनं २०२१ साली कायदाच केला की अशा बागांवर एचओएला वाट्टेल तशी बंदी घालता येणार नाही. मी ते उत्तरात लिहिलं. न्यू जर्सी हे मेरीलँड नाही, असं त्यांनी कळवलं. भूगोलाच्या दृष्टीनं त्यांचं बरोबर होतं. शेवटी कडेनं विटांची सरळ रेघ ओढली आणि 'फुलपाखरांची बाग' अशी पाटी लावली. झाडं तीच, उंची तीच, पण विटांच्या आतलं ते झाड आणि बाहेरचं ते तण, हा न्याय समितीला एकदम पटला.

सप्टेंबरात मग जे काही होतं, त्याबद्दल तक्रार करायला जागा नाही. फुलं आली की मधला पिवळा गोल बघावा. त्यातलं एकेक बारीक फूल मधमाशी उरकत जाते तसा तो तांबूस होत जातो. सकाळच्या गारठ्यात भुंगे फुलांवरच आखडून पडलेले असतात आणि ऊन अंगावर आल्याशिवाय हलत नाहीत. मोनार्क फुलपाखरं मेक्सिकोला जाताना न्यू जर्सीच्या दक्षिण टोकाला, केप मेकडे निघतात, त्यातली काही आमच्याकडे थांबून मध पिऊन जातात. शेजारच्या आजोबांनी खुर्ची या बाजूला वळवून घेतली.

प्रश्न उरला रोपांचा. कॅनमधली, काश्यांची, आणि जूनमध्ये खुडलेले शेंडे आईनं 'टाकायचे कशाला' म्हणून कुंडीत खोचले होते, तीही. सगळी जगली. ओळखीच्यांना विचारलं तर "निगा किती लागते?" म्हणतात. मी प्रामाणिकपणे सडक्या अंड्यांपर्यंत सांगतो, आणि मग त्यांना घरी जायची घाई होते.

आईनं हा प्रश्न संध्याकाळी फिरायला जाता जाता सोडवला. आमच्या वसाहतीत सहा महिन्यांसाठी आलेल्या आई-बाबांचा एक मोठा जथा रोज साडीवर स्पोर्ट्स शूज घालून फिरतो. तिनं प्रत्येकीच्या हातात ओल्या पेपरात गुंडाळलेली एकेक पुडी दिली आणि "शेवंती आहे, इथली" एवढंच सांगितलं. त्यांनी आपापल्या लेकाच्या, जावयाच्या दारात न विचारता लावून टाकली, आणि ऑक्टोबरात सगळ्याजणी विमानात बसून निघून गेल्या.

डिसेंबरात दुसरं पत्र आलं. वाळलेल्या काड्या काढून टाकाव्यात, असं. त्या काढायच्या नसतात. काही रानमाश्या पोकळ काड्यांत राहतात, पाखरं बी टिपतात, आणि छाटणी वसंतातच बरी. मी उत्तर लिहायला बसलो तर कोपऱ्यावरच्या घरातून फोन. तेही मराठी, पण आजवर नुसती मान हलवण्यापुरती ओळख.

"अहो, आम्हाला एचओएचं पत्र आलंय. कसल्या तरी काड्यांबद्दल. तुमच्या आईंनी आमच्या आईला नक्की काय दिलं होतं?"

त्यानंतर त्याच गल्लीतून आणखी एक फोन. मग तळ्याकडून एक. मी सगळ्यांना मेरीलँडचा कायदा पाठवला.