जागा उरली तर...

विमान कंपनीत ३५ वर्षं काढून निवृत्त झालात. शाल-श्रीफळ मिळालं, केक कापला, वर सवलतीच्या विमानप्रवासाची सोयही राहिली. अभिनंदन! आता पहिलं काम हे करा, की ही बातमी नातेवाइकांत पसरवा. "आम्हाला काय, विमान फुकटच!" हे भाचीच्या साखरपुड्यात म्हणा, सोसायटीच्या मीटिंगमध्ये म्हणा, रात्री गेट उघडणाऱ्या वॉचमनलाही सांगा. "जागा उरली तर" एवढं मात्र गिळून टाका. आपल्या धंद्यात त्याला 'सब्लो' म्हणतात. घरच्यांना ते पित्ताच्या गोळीचं नाव वाटतं, वाटू द्या.

फुकट म्हणजे किती फुकट, हा हिशेब बायकोसमोर करू नका. 'आयडी-९०' असेल तर भाडं ९० टक्के कमी. परक्या कंपनीचं विमान असेल तर 'झेड'चा वेगळा दर. कर बहुधा भरावेच लागतात, आणि परदेशच्या तिकिटात ते कर बघून माणूस चष्मा पुसतो.

प्रवासाला महिना निवडा मे. दिवाळी आणि नाताळही उत्तम. (फेब्रुवारीतल्या मंगळवारी जागा असतात, पण फेब्रुवारीतल्या मंगळवारी नातवाची मुंज कोण ठेवतो?) आदल्या दिवशी रिझर्व्हेशनमधल्या जुन्या सहकाऱ्याला फोन करून 'लोड' विचारा. तो म्हणेल, "२२ रिकाम्या आहेत, बिनधास्त या." बॅग भरेपर्यंत त्या १४ होतात, काउंटरला पोहोचेपर्यंत ६. मग दुसरं एक विमान रद्द होतं आणि त्यातली अख्खी वरात तुमच्या विमानाकडे वळते.

कपड्यांत हयगय नको. काही कंपन्यांत सवलतीवाल्यांना जीन्स, चप्पल वर्ज्य. पैसे भरलेला प्रवासी बर्म्युडात घोरत असतो. तुम्ही मात्र इस्त्रीची पँट आणि बूट घालून पाठ ताठ ठेवून बसा. नोकरीत असतानासुद्धा इतके टापटीप नव्हतात.

यादीतलं स्थान हा नाजूक विषय. ज्येष्ठतेचा अभिमान असेल तर तो घरीच कपाटात ठेवून या. बहुतेक कंपन्यांत नोकरीवर असलेल्यांचा नंबर आधी, निवृत्तांचा मागून. परवा लागलेला, अजून मिशी न फुटलेला पोरगा तुमच्या आधी आत जातो. काउंटरवरचा ड्यूटी मॅनेजर तुमच्याच हाताखाली शिकलेला असतो. तो "सर, बसा ना" म्हणतो. तो खुर्चीबद्दल बोलतोय, सीटबद्दल नाही.

आता समजा, सगळं जुळून आलं. रात्रीचं मुंबई-नेवार्क, ११ जागा रिकाम्या, यादीत तुम्ही दोघं तिसरे-चौथे. तरी उठू नका. हिवाळ्यात पश्चिमेकडे जाताना वारा समोरून मारतो, इंधन जास्त घ्यावं लागतं, आणि इतक्या लांबच्या पल्ल्यावर कधीकधी खुर्च्या संपायच्या आधी वजनाची मर्यादा, म्हणजे 'पेलोड', संपते. मग त्या खुर्च्या रिकाम्याच अमेरिकेला जातात आणि तुम्ही पार्ल्याला. हे तुम्हाला कुणी समजावायला नको. आयुष्यभर लोडशीट, म्हणजे विमानातल्या वजनाचे हिशेब, तुम्हीच केल्यात. असाच इस्त्रीची पँट घातलेला एक म्हातारा काउंटरशी वाकून उभा होता आणि तुम्ही कागदावरून नजर न उचलता म्हणाला होतात, "सॉरी, पेलोड." तो काही बोलला नव्हता. मान हलवून बॅग ओढत गेला होता. तो आज का आठवतोय, असा विचार करत बसू नका, बॅगेकडे लक्ष ठेवा.

हक्काची भाषा तर बोलूच नका. प्रवाशाला विमानात घेतलं नाही तर भरपाई द्यायला लावणारा युरोपातला २००४ सालचा २६१ क्रमांकाचा नियम मोठा कडक आहे, ६०० युरोपर्यंत मिळतात. त्याच नियमात, फुकट किंवा सर्वसामान्यांना न मिळणाऱ्या सवलतीत जाणाऱ्यांना तो लागू नाही, असंही लिहिलंय. म्हणजे तिथेही कुणीतरी आपल्याला बरोब्बर ओळखून होतं.

शेवटची सूचना सामानाची. दोघांच्या रक्तदाबाच्या गोळ्या एकाच पिशवीत ठेवा, म्हणजे शोधाशोध नको. घराची किल्ली बायकोच्या पर्समध्ये. दार बंद व्हायला पाच मिनिटं असताना तुमचा शिष्य धावत येईल आणि म्हणेल, "सर, एकच आहे." नातीचं बारसं असल्याने चर्चेला वाव नाही. "मी उद्या येतोच," असं म्हणून हात हलवा. त्या 'उद्या'चा लोड विचारू नका.

मग रात्री अडीचला सहारहून रिक्षा करा. वॉचमन गेट उघडून विचारेल, "साहेब, अमेरिका झाली पण?" त्याला काहीतरी सांगा आणि जिन्यातच बसा. किल्ली त्या वेळी अरबी समुद्रावर असेल.