यंत्र वाचवलं, वही रद्दीत घातली

संरक्षण प्रयोगशाळेतलं जुनं उपकरण निर्लेखित झालं, म्हणजे वापरातून बाद केलं, की एकच वाद होतो, संग्रहालयात द्यायचं की भंगाराच्या लिलावात काढायचं. पण त्याची वही, म्हणजे मोजमापाचे तक्ते आणि नोंदी असलेली, कुणी मागत नाही, आणि वहीवाचून ते उपकरण मुकं आहे.

तोफेतला दाब मोजायचा क्रशर गेज घ्या. आत पिस्टनला टेकून तांब्याचा छोटा दंडगोल असतो. बार उडाला की वायूच्या दाबाने तो चेपतो. उरलेली लांबी मायक्रोमीटरने मोजायची आणि तक्त्यात दाब बघायचा. तांब्याचा प्रत्येक लॉट वेगळा चेपतो, म्हणून तक्ताही त्या लॉटपुरताच. तो हरवला की हातात नुसता तांब्याचा तुकडा!

देशातली पहिली सैनिक स्कूल १९६१ साली साताऱ्यात निघाली. हा वारसा असलेल्या साताऱ्यातल्या शाळा-कॉलेजांनी अशी उपकरणं जरूर मागून घ्यावीत, पण आधी तयारी करावी. आपल्याकडे पावसाळ्यात आर्द्रता आठवडेच्या आठवडे ८० टक्क्यांवर असते. उघडं पोलाद ४० टक्क्यांच्या आत ठेवावं लागतं. त्यासाठी घट्ट झाकणाचा डबा आणि ओलावा शोषणारं सिलिका जेल पुरतं, पण रंग बदलला की जेल वाळवायला हवं, आणि नेमकं तेच राहून जातं. वही वेगळ्या खोक्यात ठेवा, दोन्हींवर नंबर मात्र एकच.

पितळेला ब्रासो लावू नका. कोरलेल्या आकड्यांत भरलेला काळा रंग त्याने निघून जातो. बॅटऱ्या पहिल्या दिवशीच काढा. जुना ऑसिलोस्कोप (विजेच्या लहरी पडद्यावर दाखवणारं यंत्र) "चालतोय का बघू" म्हणून थेट २३० व्होल्टला जोडू नका. वर्षानुवर्षं पडून राहिल्याने इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमधला (वीज साठवणाऱ्या भागातला) ऑक्साइडचा थर खराब झालेला असतो. कपॅसिटर तापून फुटतो, कधी ट्रान्सफॉर्मरही जळतो. रेडियमची तबकडी आता चमकत नसली तरी काच उघडू नका. विझतं ते चमकणारं झिंक सल्फाइड, किरणोत्सर्गी रेडियम नव्हे. रेडियमचं अर्धायुष्य १६०० वर्षांचं आहे.

आणि माणसं. डीआरडीओ ही संरक्षण संशोधन संस्था १९५८ ची, म्हणजे सुरुवातीला लागलेले तंत्रज्ञ आज पंच्याऐंशीच्या पुढे. पुण्यात पाषाण, दिघीच्या संरक्षण प्रयोगशाळांत नोकरी करून कुणी आपल्या गावी परतले असतील, तर त्यांच्यासमोर उपकरणाचा फोटो ठेवा आणि मोबाइलवर रेकॉर्डिंग करा. गोपनीय काही विचारू नका. कुठलं बटण आधी, सुई अडकली की काय करायचात, शून्य कसा जुळवायचात, एवढं विचारा. हे छापील मॅन्युअलात क्वचितच असतं. रेकॉर्डिंगलाही उपकरणाचाच नंबर द्या.