‘झोंबतंय म्हणजे काम करतंय’ हे खरं नाही

लग्नसराई लागली की नागपुरातल्या सीताबर्डीच्या आमच्या मेडिकलवर मुली मोबाईल पुढे करतात. मेसेज ठरलेला: ‘पार्लरला पैसे कशाला? ३० टक्के ग्लायकोलिक पील आणा, १० मिनिटं ठेवा. झोंबलं म्हणजे काम करतंय. साल निघाली की खाली गोरी त्वचा. आम्ल उसातलं, त्यामुळे धोका नाही.’

आधी ते ३० टक्के. पील म्हणजे त्वचेचा वरचा थर सोलून काढणारं आम्ल; ग्लायकोलिक हे त्यातलंच एक. बाटलीवरचा टक्का अर्धीच गोष्ट सांगतो, उरलेली पीएच सांगतो. पीएच म्हणजे आम्लता मोजायचा आकडा; तो जितका कमी, तितकी आम्लता जास्त. पीएच ३.८ च्या आसपास असला की ग्लायकोलिकमधलं निम्मंच आम्ल मोकळं असतं. पीएच २ वर जवळपास सगळंच मोकळं होतं, आणि त्वचेवर चालतं ते हे मोकळं आम्ल. म्हणजे ३.८ पीएचचं १० टक्के आणि २ पीएचचं ३० टक्के यांत फरक तिपटीचा नाही, सहापटीचा आहे. घरच्या वापरासाठी १० टक्क्यांच्या वर नको आणि पीएच ३.५ च्या खाली नको, ही मर्यादा अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीने कधीच घालून दिली आहे. जुलै २०२४ मध्ये तिथल्या एफडीएनेही (औषध-प्रसाधनांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) तीव्र पील डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय लावू नका, असं बजावलं.

आता झोंबणं. मला सगळ्यात जास्त चीड याच वाक्याची येते. जराशी चुणचुण होऊन ओसरली तर ठीक. पण आग वाढत गेली किंवा कातडी पांढरी पडली, तर ते भाजणं आहे. त्याच क्षणी भरपूर गार पाण्याने धुवा. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेत भाजल्या जागी मेलॅनिन, म्हणजे त्वचेला रंग देणारं द्रव्य, जास्त तयार होतं आणि काळा डाग महिनोनमहिने राहतो. मागच्या उन्हाळ्यात एक मुलगी ओढणीने गाल झाकून आली होती. पुरळाचे डाग घालवायला गेली आणि त्याहून मोठा डाग घेऊन बसली.

गोरेपणाचं म्हणाल तर पील वरच्या मृत पेशी काढतं, मूळ रंग बदलत नाही. आणि उसातलं असो की कारखान्यातलं, रेणू तोच. लिंबूही नैसर्गिकच, पण त्याचा रस लावून उन्हात गेलं तर फोड येतात.

मेसेजमध्ये उन्हाचा शब्दही नाही! अशा आम्लानंतर त्वचा उन्हाने लवकर भाजते, वापर थांबवल्यावरही आठवडाभर. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, घामेजलेला स्कार्फ गालावर घासत गाडी चालवणाऱ्या नागपूरच्या मुलीने पील करूच नये. हिवाळ्यात करा, तेही रोज सनस्क्रीन लावणार असाल तर.

कोणतं घ्यायचं? पहिल्यांदा ५ ते १० टक्के मँडेलिक, हेही असंच एक आम्ल. त्याचा रेणू ग्लायकोलिकच्या दुप्पट, म्हणून हळू मुरतो. तेलकट, पुरळाच्या चेहऱ्याला सॅलिसिलिक आम्ल, २ टक्क्यांपर्यंत. आधी जबड्याखाली थोडंसं लावून दोन दिवस बघा. मग आठवड्यातून एकदा, रात्री; त्या रात्री रेटिनॉल (अ जीवनसत्त्वाचं क्रीम) नको. पुरळासाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका.

आणि ताई, लग्न पंधरा दिवसांवर आलं असेल, तर यातलं काहीच नवं सुरू करू नका.