केसपेपरवर कामाची एक ओळ लिहा ना, डॉक्टर

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे आजारपण किंवा इजेनंतर माणसाला रोजची आणि नोकरीतली कामं पुन्हा जमावीत म्हणून सराव करून घेणारी, पिंपरी-चिंचवड पट्ट्यात, त्यामुळे माझ्याकडे बरेचसे पेशंट कुठल्या ना कुठल्या कंपनीतलेच येतात. कुणाची बोटं प्रेस मशीनमध्ये गेलेली, कुणाची कंबर धरलेली, कुणाला पॅरालिसिसचा झटका येऊन गेलेला. आणि बोट वाकेल का हे नंतर, आधी सगळे विचारतात "मॅडम, कामावर कधी जाता येईल?" घराचे हप्ते चालू असतात, पोरांच्या फिया असतात, आणि कंत्राटी माणूस असेल तर त्याच्या जागेवर दुसरा कधी उभा राहील काही भरवसा नसतो.

आता ह्यांची फाईल उघडली तर एक्सरे, एमआरआय, रक्ताचे रिपोर्ट सगळं जागच्या जागी, आणि माणूस करतो काय ह्याबद्दल एकच शब्द, "लेबर". अहो, बसून गेज लावून पार्ट तपासणारा पण लेबर आणि दिवसभर ट्रकमध्ये गोण्या चढवणारा पण लेबर, मग दोघांना सारखीच रेस्ट कशी काय लागेल? विचारायला फार वेळ लागत नाही हो. किती वजन उचलता, उभं राहून काम की बसून, शिफ्ट कुठली, कामावर जाता कसे, एवढं विचारलं तरी पुष्कळ कळतं.

माझा सगळ्यात जास्त राग आहे तो "लाईट ड्युटी" ह्या दोन शब्दांवर. पेशंट तो कागद घेऊन जातो, सुपरवायझर म्हणतो आमच्याकडे लाईट ड्युटी नसते, पूर्ण फिट होऊन ये. त्या सुपरवायझरला तरी काय दोष द्यायचा, लाईट म्हणजे काय हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. त्याऐवजी लिहा ना, की सहा आठवडे १० किलोच्या वर उचलायचं नाही, सलग वाकून काम नको, नाईट नको, बसून इन्स्पेक्शनचं काम चालेल, पहिले दोन आठवडे अर्धा दिवस. असा कागद हातात आला की लाईनवर माणूस कुठे बसवायचा ते सुपरवायझरला ठरवता येतं. आणि त्यात आजाराचं नावसुद्धा लिहायची गरज नाही! टीबीच्या पेशंटसाठी हे फार महत्त्वाचं आहे, कारण औषधं नीट लागू पडली की साधारण काही आठवड्यांत बहुतेकांपासून संसर्गाचा धोका राहत नाही, पण नाव कळलं की सोबत डबा खाणारी माणसं लांब बसायला लागतात ती कायमचीच.

इंग्लंडमध्ये २०१० पासून डॉक्टरच्या सर्टिफिकेटवर "अमुक सोय केली तर कामावर येऊ शकेल" असा पर्यायच छापलेला असतो, हळूहळू कामावर येणं, वेळ बदलणं, काम बदलणं, जागेवर सोय करणं असे चौकोन असतात टिक करायला. २०२२ पासून तिथे नर्स, फिजिओ आणि आम्ही ऑक्युपेशनल थेरपिस्टसुद्धा त्यावर सही करू शकतो. आपल्याकडे आशियातली पहिली ऑक्युपेशनल थेरपीची शाळा कमला निंबकरांनी १९५० साली केईएम हॉस्पिटलमध्ये सुरू केली, मुंबईत, आणि आज इतक्या वर्षांनी पण पेशंटला आमच्याकडे पाठवतात ते नोकरी गेल्यावर. आधी पाठवा हो. त्याच्या मशीनवर जी पकड लागते तीच पकड आम्ही त्याच्याकडून करून घेतो, वजन हळूहळू वाढवतो, एका हाताने काय जमेल ते शोधतो.

कंबरदुखीचं पण तेच. साध्या कंबरदुखीला महिना महिना झोपवून ठेवायचे दिवस गेले, झेपेल तेवढं हलत राहिलेलं बरं असतं हे आता सगळीकडे शिकवतात, तरी "बेडरेस्ट" लिहिलेल्या चिठ्ठ्या अजून येतातच, आणि माणूस एवढा घाबरतो की दुखणं कमी झालं तरी वाकायला तयार होत नाही.

अजून एक गोष्ट, कॅज्युअल्टीतल्या डॉक्टर-सिस्टर लोकांना हात जोडून. हात मशीनमध्ये गेलाय हे दिसत असताना सोबत आलेला माणूस "घरी पडला" म्हणून लिहायला सांगतो, तेव्हा प्लीज पेशंटला बाजूला घेऊन विचारा आणि तो सांगेल तेच लिहा. ईएसआयसीमध्ये, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्यात, साध्या आजारपणाला पगाराच्या ७० टक्के मिळतात, तेही वर्षात जास्तीत जास्त ९१ दिवस, पण कामावर झालेल्या इजेला ९० टक्के आणि बरा होईपर्यंत, आणि कायमचं अपंगत्व राहिलं तर पुढे पेन्शनसारखी रक्कम. हे सगळं त्या पहिल्या केसपेपरवरच्या एका वाक्यावर अडतं.

आणि सरकारी नोकरीतल्यांनी झटका आला म्हणून घाईघाईत राजीनामा लिहून देऊ नका, घरच्यांनी कितीही सांगितलं तरी. २०१६ च्या दिव्यांग कायद्याच्या कलम २० प्रमाणे नोकरीत असताना अपंगत्व आलं तर काढता येत नाही, खालच्या पदावरही टाकता येत नाही, त्याच पगारावर दुसरं काम द्यायचं असतं. वॉर्डात पेशंटजवळ सगळ्यात जास्त वेळ सिस्टर आणि फिजिओ असतात, डिस्चार्जच्या आधी एवढं त्यांनी कानावर घातलं तरी खूप होईल.

पेशंट लोकांनी पण एक करा, पुढच्या वेळी ओपीडीला जाताना आपल्या कामाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ मोबाईलमध्ये घेऊन जा. कंपनीत शूटिंगला मनाई असेल तर घरीच बादली उचलून, वाकून दाखवा आणि सरळ म्हणा, डॉक्टर, हे मी रोज आठ तास करतो, ह्यातलं आत्ता काय चालेल ते लिहून द्या.