“गोड गोड बातम्या” म्हणणाऱ्या दादांना उत्तर

नमस्कार दादा. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. खाली दोन ओळीत “धन्यवाद” टाकून मोकळी झाले असते तर तुमचंही समाधान झालं नसतं आणि माझंही, म्हणून इथं सविस्तरच लिहिते.

बाकीच्यांना संदर्भ लागेल म्हणून थोडक्यात सांगते. दर शनिवारी मी आमच्या तिसरी-चौथीच्या वर्गाची बातमी पालकांच्या ग्रुपवर टाकते आणि नंतर तीच इथं. मागच्या बातमीत काय होतं तर पोरांनी शाळेचं मैदान दोरीनं मोजलं, आनंद मेळाव्यात कुणी काय विकलं, 26 जानेवारीला किती वाजता यायचं, आणि 10 फेब्रुवारीच्या जंताच्या गोळीची आगाऊ सूचना. त्यावर दादांचं म्हणणं असं की बीड जिल्ह्यातल्या शाळेत दिवाळीनंतर निम्मा वर्ग ऊसतोडीला गेलेला असतो आणि मॅडम भेळीच्या बातम्या देत बसतात, आईबाप उसाच्या फडात असताना हे वाचणार कोण, एवढ्या वेळात पोरांना वाचायला शिकवलं तर बरं, वर दर आठवड्याला काहीतरी मागणं असतंच, “20 रुपये आणा”, “जुने पेपर आणा”, आणि लेकरांचे फोटो कशाला नेटवर टाकता. दादा स्वतः कोयत्याच्या, म्हणजे ऊसतोड कामगारांच्या, घरातले आहेत, आता पुण्यात असतात. म्हणजे हे कुठल्यातरी साहेबाचं बोलणं नाही, घरातल्या माणसाचं आहे, म्हणून जास्त लागलं आणि म्हणूनच उत्तर द्यावंसं वाटलं.

“वाचणार कोण” हे आधी घेते, कारण तिथंच सगळी गोम आहे. दादा, ग्रुपवरची बातमी कुणी वाचतच नाही, ती ऐकतात. इथं ब्लॉगवर तुम्हाला जे लिहिलेलं दिसतं ते मागाहून उतरवलेलं असतं. खरी बातमी म्हणजे तीनेक मिनिटांचा व्हॉइस मेसेज, आणि त्यात माझा आवाज शेवटच्या सूचनेपुरता असतो, बाकी सगळं पोरं बोलतात. शनिवारी सकाळची शाळा असते, शेवटच्या तासाला मी फळ्यापाशी उभी राहते, पोरं आठवड्यात काय काय झालं ते ओरडून सांगतात, त्यातलं काय ठेवायचं काय गाळायचं यावर भांडणं होतात (शाळेत साप निघाला ही बातमी घ्यायची का नाही यावर एकदा चांगलीच जुंपली होती, शेवटी घेतली, पण “धामण होती” हे पहिल्या वाक्यात टाकून), मग मी फळ्यावर लिहिते, पोरं वहीत उतरवतात आणि दोघं जण वाचून रेकॉर्ड करतात. दर आठवड्याला दोघं नवीन.

आता तुम्हीच सांगा ह्यात वाचायला शिकवायचा वेळ वाया गेला का? निपुण भारत, म्हणजे लहान पोरांना वाचन-गणित यावं म्हणून केंद्र सरकारनं काढलेलं अभियान, त्याच्या 2021च्या मार्गदर्शक सूचनांत तिसरीच्या शेवटी मिनिटाला किमान 60 शब्द, तेही समजून, असं लक्ष्य दिलेलं आहे. मी घड्याळ लावून उतारे वाचून घेते, घ्यावेच लागतात, पण उतारा वाचताना जे पोरगं दर दोन शब्दांला थांबतं तेच पोरगं “हे आता पप्पा ऐकणार आहेत” म्हणल्यावर मधल्या सुट्टीत कोपऱ्यात बसून तीच सहा वाक्यं पुन्हा पुन्हा घोकतं. मी सांगितलेलं नसतं. आणि अडखळलं तर स्वतःच म्हणतं, मॅडम डिलीट करा, परत घेऊ.

आता फडातलं. तुम्हाला माहितीय तिथलं, मी काय सांगणार, पण वाचणाऱ्यांपैकी सगळ्यांना माहीत नसतं. पहाटे काळोखात तोडायला लागतात, गाडी भरून कारखान्याकडं गेली की मग जेवण, कोपीत, म्हणजे तिथल्या झोपडीत, बऱ्याच ठिकाणी लाईट नसते, फोन ट्रॅक्टरवर नाहीतर चहाच्या टपरीवर चार्ज करायचा. अशा माणसानं संध्याकाळी गावाकडं आजीजवळ राहिलेल्या लेकराला फोन लावला तर बोलणार काय? आधी पोरांनाच विचारलं होतं मी, घरून फोन आला की काय बोलता. उत्तर ठरलेलं, “जेवलास का, अभ्यास कर, आजीला त्रास देऊ नको.” माया सगळी तेवढ्यातच, पण पुढं बोलायला धागा नसतो. मैदानाची बातमी गेली त्या रात्री एका पोराच्या वडलांनी फोनवर विचारलं म्हणे, दोरी किती हाताची घेतली होती, आणि वाकडी धरली असंल तर माप चुकलं असंल. सोमवारी पोरगं येऊन मला म्हणतं, मॅडम परत मोजू. आम्ही परत मोजलं, यावेळी दोरी ताणून, आणि खरंच फरक आला. दादा, मी ही बातमी का देते याचं माझ्याकडं दुसरं काही मोठं कारण नाही. आईबापाला लेकराला विचारण्यासारखा एक प्रश्न मिळावा, एवढंच. भेळ, दोरी, धामण हे सगळं त्यासाठी. “आपल्या शाळेत विविध उपक्रम उत्साहात पार पडले” असल्या वाक्यातून कुणालाच काही विचारता येत नाही, म्हणून तसलं वाक्य मी येऊच देत नाही.

“गोड गोडच का” यावर माझं मत ठाम आहे आणि ते तुम्हाला कदाचित पटणार नाही. कोणाला वाचता येत नाही, कोण चार दिवस आलं नाही, कुणाची वही अर्धवट आहे हे मी ग्रुपवर कधीच टाकणार नाही. गावचा ग्रुप आहे, मामा, चुलता, सोयरा, तोडीला माणसं नेणारा मुकादमसुद्धा असतो त्यात. शनिवारी टाकलं की रविवारी पारावर त्याची चर्चा, आणि सोमवारी ते लेकरू शाळेतच येत नाही. ते बोलणं मी त्या त्या आईशी फोनवर करते, रात्री आठनंतर, आणि ते इथं ब्लॉगवर दिसत नाही म्हणून होतच नाही असं धरू नका. वर्गणी दिलेल्या-न दिलेल्यांच्या याद्या टाकणारे ग्रुपही मी पाहिलेत. मला त्याचा संताप येतो.

पण बातम्या नुसत्या गोड असतात हेही तितकं खरं नाही दादा. दिवाळीच्या आधीच्या काढून बघा. त्यात शिक्षण हमी कार्डाची माहिती आहे, कारण लेकरू बरोबर नेणार असाल तर ते कार्ड घेऊनच जा, जिथं पडाव पडेल तिथल्या शाळेत ते दाखवलं की बसवून घेतात आणि परत आल्यावर आम्हाला कळतं तिकडं काय काय झालं. आईबाप तोडीला गेल्यावर मागं राहिलेल्या पोरांसाठीच्या हंगामी वसतिगृहाच्या यादीसाठी शाळा व्यवस्थापन समितीची बैठक कधी, तेही त्यातच. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणं या समितीत 75 टक्के सदस्य पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका असायला पाहिजेत, कागदावर छानच दिसतं, पण आमच्याकडं डिसेंबरात बैठक लावली तर निम्मे सदस्य कोल्हापूर-सांगलीकडं, नाहीतर कर्नाटकात. म्हणून महत्त्वाच्या बैठका उचल (तोडीचे आगाऊ पैसे) घेऊन माणसं निघायच्या आत नाहीतर गुढीपाडव्याच्या आसपास ती परत आल्यावर. हे वरच्या कुणाच्या कॅलेंडरात बसत नाही, पण गावाच्या कॅलेंडरात बसतं.

आणि गेलेली पोरंही बातमीतून गेलेली नाहीत. तिसरीतली एक पोरगी सध्या आईबापासोबत कारखान्यावर आहे, तिनं ग्रुपवर सांगितलं की गाडी काट्यावर कशी चढवतात, भरलेली वेगळी मोजतात, रिकामी वेगळी मोजतात आणि मग ऊस किती ते कळतं. चौथीला वजाबाकीचं याच्यापेक्षा चांगलं उदाहरण मला तरी पुस्तकात सापडलं नाही. तो मेसेज आम्ही वर्गात तीनदा ऐकला.

20 रुपयांचं मात्र तुम्ही उलटं वाचलंत बरं का. ते मेळाव्यात खर्च करायला जास्तीत जास्त 20 रुपये आणा असं होतं, त्याच्यावर नको. ही मर्यादा मुद्दाम घातलीय कारण ती नव्हती तेव्हा दुकानदाराचं पोरगं 200ची नोट घेऊन आलं होतं आणि बाकीची त्याच्याभोवती गोळा. ज्यांच्याकडं 20 पण नाहीत त्यांना विकायला बसवायचं असं ठरलंय, आणि त्यातही घरातलं नाहीतर रानातलंच आणायचं. यंदा सगळ्यात जास्त नफा कुणाला झाला माहितीय का, बांधावरची बोरं वेचून आणणाऱ्या पोराला. भांडवल शून्य! भेळवाली त्याच्यावर चिडली होती कारण तिचा शेंगदाण्याचा खर्च निघता निघता नाकी नऊ आले. नफा-तोटा मी नंतर शिकवला खरा, पण तो त्यांना आधीच कळला होता.

जुने पेपर आणायला सांगितले ते आकाशकंदिलासाठी. त्यावर मी भांडणार नाही.

जंताच्या गोळीची सूचना तुम्हाला रटाळ वाटली. असेल. पण आमच्याकडं ती गोळी खाऊन एखाद्या पोराला मळमळलं की पाच मिनिटात गावभर “शाळेत औषधानं पोरं आजारी पडली” असं होतं आणि पुढच्या वेळी आज्या पोरांना घरीच ठेवतात. पोटात जंत जास्त असतील तर थोडी मळमळ, पोटदुखी होऊ शकते आणि ती थांबते, गोळी चावून खायची, लेकरू आजारी असेल तर त्या दिवशी द्यायची नाही, राहिलेल्यांना नंतरच्या मॉप-अप दिवशी मिळते, हे दोन आठवडे आधी घरातल्याच पोराच्या तोंडून ऐकलं की आजी घाबरत नाही. साध्या फोनवाल्या आजी-आजोबांसाठी हाच मजकूर कागदावर लिहून किराणा दुकानाबाहेर लावतो. तिथं नातवंडं वाचून दाखवतात, आणि पुढारी माणसं पण उभी राहून ऐकतात, निवडणूक नसली तरी.

3 जानेवारीच्या कार्यक्रमाचा तुम्ही उल्लेख केलात, “सावित्रीबाईंच्या नावानं फोटोसेशन” असा. सावित्रीबाईंचा जन्म 1831चा, नायगावचा, हे पोरं पाठ म्हणतात आणि विसरतात. यावेळी भाषणं ठेवलीच नाहीत, आज्यांना बोलावलं होतं, कारण आया फडात. प्रत्येक आजीनं एवढंच सांगायचं की शाळा कितवीत सुटली आणि का सुटली. बऱ्याचजणी म्हणल्या, सुटली कुठं, लागलीच नाही. पोरं गप्प बसून ऐकत होती, जी माझ्या भाषणाला कधी बसत नाहीत. आणि संक्रांतीला हळदी-कुंकू करा असा आग्रह होता, तो मी मोडला. अर्ध्या आज्यांना बाजूला बसवणारा कार्यक्रम मला शाळेत नको, तिळगूळ सगळ्यांना दिला की झालं. यावरून काहीजणी नाराज आहेत, त्यांनी ही पोस्ट वाचली तरी माझं म्हणणं तेच राहील.

फोटोंचं तुमचं म्हणणं मला मान्य आहे, आणि इथल्या जुन्या पोस्टी पाहिल्यात तर दिसेल की चेहरे नाहीतच, हात आहेत, वह्या आहेत, चित्रं आहेत, पाठमोरी रांग आहे. चेहऱ्याचे फोटो फक्त पालकांच्या ग्रुपवर, तेही ज्यांनी हो म्हणलंय त्यांच्याच पोरांचे. वरून कुठल्या कुठल्या उपक्रमाचे फोटो लिंकवर अपलोड करा म्हणून येतं ते वेगळं, त्याबद्दल लिहायला बसले तर आणखी एक पोस्ट होईल आणि मग तुम्ही म्हणाल मॅडम कडूच लिहितात.

तर पुढचं असं. 26ला ध्वजारोहण, मागच्या बातमीत वेळ आहेच. 10 फेब्रुवारीला गोळी. 27 फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन, त्या दिवशी पोरांना गावातल्या मोठ्या माणसांकडून काहीतरी वाचून ऐकायचंय. तुम्ही गावाकडं येणार असाल तर सकाळी दहाला या. हार-नारळ काही नाही, भाषण करायचं नाही, तुमच्या आवडीच्या पुस्तकातली दोन पानं वाचायची आणि मग पोरं प्रश्न विचारतील. कोयत्यावरून पुण्यापर्यंत कसे गेलात हे विचारणारच, तयारी करून या. येणं जमलं नाही तर व्हॉइस मेसेज पाठवा, तीन मिनिटांच्या वर नको, पोरं कापतात.